माझगावच्या घरात फाउंड्री टाकली, वाफेची बोट बांधली आणि रामानुजन यांच्या ७७ वर्षं आधी रॉयल सोसायटीत पोहोचले

युट्यूबवर एक वेगळंच विश्व आहे. घराच्या गॅरेजमध्ये, मागच्या अंगणात, नाहीतर गच्चीवर माणसं लाकडाची कयाक बांधताना दिसतात. सहा मिलिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या घ्यायच्या, प्लायवूडच्या साच्यावर एकेक पट्टी वाकवून बसवायची, कडेला कड चिकटवायची, मग रंधा मारून, घासून वरून फायबरग्लास आणि इपॉक्सीचा थर द्यायचा. दोन-तीनशे तासांची मेहनत झाली की पाच मीटर लांबीची आणि दोन माणसांनी सहज उचलावी इतकी हलकी होडी तयार.

हे बघून बदलापूर-अंबरनाथमधल्या कुणाला हुक्की आली, तरी पहिला प्रश्न येतो तो वन बीएचकेचा. पाच मीटरची होडी हॉलमध्ये बांधली तर ती जिन्यातून खाली न्यायची कशी? दुसरा प्रश्न, ती चालवायची कुठे? तसं बघायला गेलं तर उल्हास नदी दारातच आहे. पण इथल्या लोकांना बोट आठवते ती जुलै महिन्यात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या होत्या.

खरंतर हा पट्टा होड्यांना नवखा नाही. हीच उल्हास नदी पुढे कल्याणला खाडी होते. कल्याण हे जुनं बंदर आणि १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या काठावर जहाजबांधणीला हात घातला. पण आपल्याकडे घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या खिशातून यंत्रं आणि बोटी बनवायचं खूळ डोक्यात घेतलेला माणूस शोधायचा, तर कल्याणहून लोकल पकडून माझगावला जावं लागतं. आणि साधारण १९० वर्षं मागे.

त्या माणसाचं नाव अर्देशीर खरशेटजी वाडिया.

आडनाव ऐकून बॉम्बे डाइंग आठवलं असेल तर अंदाज बरोबर आहे, घराणं तेच. पण कापडाच्या आधी हे घराणं लाकडाचं होतं. वाडिया या आडनावाचा अर्थच जहाज बांधणारा असा सांगितला जातो. यांचे मूळपुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेचे. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत गोदी उभारायची होती, पण हाताशी चांगले सुतार नव्हते. म्हणून १७३० च्या दशकात कंपनीने लवजींना त्यांच्या कारागिरांसकट मुंबईत आणलं. तिथून पुढे दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीत मुख्य जहाजबांधणीकार म्हणून एकापाठोपाठ एक वाडियाच बसले.

त्यांचं काम काय तोडीचं होतं? १८१७ मध्ये मुंबईत बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतेय. एचएमएस कॉर्नवॉलिस हे जहाजही मुंबईचंच. १८४२ मध्ये चीनने ज्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग इंग्रजांना देऊन टाकलं, त्या तहावर सह्या झाल्या त्या याच जहाजावर.

यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे सागवान. ओकच्या लाकडात लोखंडी खिळे गंजायचे, लाकूड कुजायचं. सागवानात तेल असतं, त्यामुळे खिळा टिकतो आणि कीडही लवकर लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फळ्या जोडायची पद्धत. युरोपात फळीला फळी नुसती भिडवायचे आणि मधली फट दोर आणि डांबराने बुजवायचे. इकडचे सुतार एका फळीच्या कडेला खाच पाडायचे आणि दुसरीची कड त्या खाचेत बसवायचे. मध्ये राळेत भिजवलेला कापूस घालायचे. आज कयाकवाले एका पट्टीच्या कडेला गोलाई देतात आणि दुसरीला खोबण पाडतात, जेणेकरून वाकवतानाही फट पडू नये. डोकं तेच आहे, फक्त तेव्हा ते हजार टनांच्या जहाजाला लावलं जायचं आणि सगळं हाताने तासलं जायचं.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ ला अर्देशीर यांचा जन्म झाला. वडील खरशेटजी रुस्तमजी गोदीतच होते. आजोबा, काका, चुलतभाऊ सगळे गोदीत. त्यामुळे पुढे काय करायचं हा प्रश्नच नव्हता. १८२२ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षी अर्देशीर गोदीत दाखल झाले. घराण्याची रीत होती की वाडियांच्या मुलाने आधी हातात तासणी धरायची, नकाशे-बिकाशे नंतर.

इथपर्यंत स्टोरी सरळ आहे. पण या मुलाचं मन लाकडात रमेना. त्याला वाफेने पछाडलं होतं.

तो काळच तसा होता. १८२३ मध्ये कलकत्त्यात डायना नावाची वाफेवर चालणारी बोट पाण्यात उतरली होती. मुंबईत १८२९ मध्ये वाडियांनीच ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली, अर्थात सागवानाची. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून निघाली आणि एडनमार्गे सुएझला पोहोचली. तिची गंमत अशी होती की तिच्यात कोळसा मावायचा जेमतेम साडेपाच दिवसांचा आणि एडनला पोहोचायला लागायचे त्याच्या दुप्पट दिवस. मग काय, केबिनमध्ये कोळसा भरला, डेकवर कोळसा रचला आणि जवळपास बुडायच्या बेतात असलेली ती बोट निघाली. इंजिन मात्र विलायतेहून आलेलं. बोट आमची, इंजिन तुमचं, असा तो सौदा होता.

तेव्हा अर्देशीर एकवीस-बावीस वर्षांचे होते. हे इंजिन नक्की चालतं कसं, हे त्यांना आतून बघायचं होतं. पण शिकायचं कुठे? मुंबईत इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं. पुस्तकं इंग्रजीत आणि तीही जहाजाने येणार. शिकवायला कुणी नाही.

मग त्यांनी आजही लोक करतात तेच केलं. घरीच कारखाना टाकला.

माझगावच्या राहत्या जागेत त्यांनी एक छोटी फाउंड्री उभी केली. तिथे जहाजांसाठी लोखंडी टाक्या बनवल्या जाऊ लागल्या. आणि तिथेच त्यांनी एक हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन तयार केलं. आज आपल्या सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप असतो, साधारण तेवढ्याच ताकदीचं. आणि त्यांनी त्याला लावलंही त्याच कामाला. विहिरीचं पाणी उपसायचं आणि घरच्या बागेतलं कारंजं उडवायचं.

ऐकायला हे हौसेचं काम वाटतं. पण त्यात काय काय आलं ते बघा. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये वाफ निसटणार नाही इतकी बारीक फट ठेवायची. बॉयलर असा जोडायचा की दाबाने फुटू नये. झडपा नेमक्या क्षणी उघडायच्या आणि मिटायच्या. हे सगळं ज्यांनी आयुष्यभर सागवान तासलं अशा कारागिरांकडून करून घ्यायचं. आज अंबरनाथच्या एमआयडीसीत कुठल्याही गाळ्यात असं सिलिंडर लेथवर तासभरात फिरवून मिळेल. तेव्हा ते हात आधी तयार करावे लागत होते.

यानंतर अर्देशीर यांनी इंग्लंडहून १० हॉर्सपॉवरचं बोटीचं इंजिन मागवलं. आणि १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ६० टनांची समुद्रात जाऊ शकेल अशी एक छोटी बोट पाण्यात उतरवली. इंजिन सोडलं तर तिच्यावरची बाकीची यंत्रसामग्री त्यांनी स्वतः बनवली आणि बसवली होती. बोटीचं नाव ठेवलं इंडस. म्हणजे सिंधू.

हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

एवढ्यावर थांबतील ते अर्देशीर कसले. पुढच्याच वर्षी त्यांच्या डोक्यात गॅसचे दिवे आले. लंडनच्या रस्त्यावर गॅसचे दिवे लागून तोवर पाव शतक झालं होतं, पण मुंबई अजून खोबरेल तेलाच्या दिव्यांवर होती. गॅस बनवायची तेव्हाची रीत अशी की कोळसा बंद लोखंडी भांड्यात तापवायचा, त्यातून निघणारा वायू पाण्यातून आणि चुन्यातून नेऊन स्वच्छ करायचा, मोठ्या टाकीत साठवायचा आणि नळीने दिव्यापर्यंत पोहोचवायचा. चूक झाली तर घर उडालंच.

अर्देशीर यांनी हा गॅसचा कारखाना फक्त देशी कारागिरांना हाताशी धरून उभा केला आणि माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवून टाकली. १० मार्च १८३४ ला हा प्रकार बघायला खुद्द मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर त्यांच्या घरी आले आणि त्यांनी अर्देशीर यांना मानाचा पोशाख दिला. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर तीसेक वर्षं जावी लागली. म्हणजे एका माणसाच्या अंगणातून ती गोष्ट शहराच्या रस्त्यावर यायला एक अख्खी पिढी लागली.

आता एक प्रश्न पडतो. हा सगळा खर्च आणि खटाटोप कशासाठी?

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मेख इथेच आहे. वाडियांची सगळी सत्ता सागवानावर उभी होती. वाफ आली की शिडं जाणार होती. इंजिनाची धडधड आणि बॉयलरचं वजन पेलायला मग लाकडाच्या जागी लोखंड येणार होतं. आणि लोखंडाची जहाजं बांधायला मलबारचं सागवान नको, सुरतेचे सुतार नकोत आणि वाडियाही नकोत. म्हणजे ज्या यंत्राच्या मागे अर्देशीर लागले होते, ते यंत्र त्यांच्याच घराण्याचा धंदा बसवणार होतं. घराण्यातल्या बाकीच्यांनी सागवान आणखी घट्ट धरून ठेवलं. अर्देशीर यांनी मात्र येणाऱ्या गोष्टीला आधीच भिडायचं ठरवलेलं दिसतं. बुडणाऱ्या धंद्यातल्या मुलाने शोधलेली ती वाट होती.

१८३७ मध्ये ते रॉयल एशियाटिक सोसायटीचे सदस्य झाले. १८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो झाला १८६९ मध्ये. त्यामुळे मुंबईहून आगबोटीने सुएझ, तिथून वाळवंटातून कैरो आणि अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रातून दुसरी बोट, असा प्रवास. या प्रवासाची डायरी त्यांनी लिहिली आणि ती १८४० मध्ये लंडनमध्ये छापून आली. त्यांचे चुलतभाऊ जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी तिथे आधीच जहाजबांधणी शिकायला पोहोचले होते.

अर्देशीर तिथे कारखाने बघत फिरले. जे माझगावच्या अंगणात अंदाजाने जुळवलं होतं, ते आता मोठ्या आकारात चालताना दिसत होतं. लंडनच्या इंजिनिअर मंडळींना या पागोटेवाल्या पारशाचं नवल वाटलं असणार. पण त्याच्या हातचं काम त्यांनी ओळखलं. त्यांचं नाव रॉयल सोसायटीसाठी सुचवलं गेलं. शिफारस करताना जे लिहिलं गेलं त्यात ६० टनांची बोट होती, गॅसचे दिवे होते, आणि ते फक्त देशी कारागिरांच्या मदतीने लावले याची खास नोंद होती. म्हणजे न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते, तिथे जायला कामी आली ती घराच्या अंगणातली खटपट.

२७ मे १८४१ ला अर्देशीर खरशेटजी वाडिया रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे भारतीय म्हणजे श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मध्ये तब्बल ७७ वर्षं गेली. मधल्या काळात अर्देशीर यांचं नाव इतकं मागे पडलं की आजही क्विझमध्ये अनेक जण रामानुजन हेच पहिले असं बिनधास्त ठोकून देतात.

गंमत म्हणजे निवड झाली तेव्हा ते लंडनमध्ये नव्हतेच. कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनी त्यांना मुंबईच्या स्टीम फॅक्टरी आणि फाउंड्रीचे चीफ इंजिनिअर नेमलं होतं आणि १ एप्रिल १८४१ पासून ते कामावर रुजू झाले होते. पगार महिन्याला ६०० रुपये.

आणि इथे वादाला तोंड फुटलं.

कारण या कारखान्यात अर्देशीर यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांमध्ये फक्त देशी कारागीर नव्हते. तिथे युरोपियन फोरमन होते, युरोपियन इंजिनिअर होते, बॉयलर बनवणारे गोरे कामगार होते. एका नेटिव्हच्या हुकमाखाली गोरी माणसं, ही गोष्ट तेव्हाच्या मुंबईत बसत नव्हती. बॉम्बे टाइम्स या वर्तमानपत्राने उघड टीका केली. कितीही हुशार असला तरी नेटिव्ह माणूस अशी जबाबदारी पेलू शकणार नाही, असा एकूण सूर होता. गोऱ्यांचं जहाज बांधणारा वाडिया चालत होता, कारण तो देशी सुतारांवर हुकूम चालवायचा. साहेबावर हुकूम चालवणारा वाडिया चालत नव्हता.

पद मात्र त्यांनी सोडलं नाही. टीका होत राहिली आणि अर्देशीर १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, तिथेच काम करत राहिले. या टीकेला ते उत्तरं देत बसले असं काही दिसत नाही. १८४९ मध्ये ते अमेरिकेला जाऊन आले आणि तिथली लाकूड कापायची यंत्रं त्यांनी बघितली. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी माझगावात आणखी एक आगबोट पाण्यात सोडली. तिच्या यंत्राचे भाग यावेळी त्यांच्या स्वतःच्या फाउंड्रीत बनले होते. नाव ठेवलं लवजी फॅमिली. जो सागवानाचा मूळपुरुष, त्याच्या घराण्याचं नाव वाफेच्या बोटीला. यात अभिमान होता की हिशोब चुकता करणं होतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शिवणयंत्र, फोटोग्राफी, इलेक्ट्रोप्लेटिंग या गोष्टी मुंबईत आणण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. नवीन काही निघालं की ते आधी घरी आणून उघडून बघायचं, ही सवय शेवटपर्यंत गेली नसावी.

१ ऑगस्ट १८५७ ला ते कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले. देशात तेव्हा उठाव पेटलेला होता आणि वर्षभरात कंपनीचं राज्यच गेलं. १८५८ मध्ये अर्देशीर पुन्हा इंग्लंडला गेले आणि लंडनजवळ रिचमंडला राहू लागले. मुंबईत पत्नी आणि मुलं होती, आणि तिकडे एका इंग्रज बाईसोबतही त्यांनी संसार केला. त्या काळातल्या पारशी समाजात ही काही पचणारी गोष्ट नव्हती. मुंबईत त्यांची आठवण फारशी कुणी का जपली नाही, याचं एक कारण हे असू शकतं.

पण मध्ये एकदा ते परत आले. १८६१ मध्ये. आणि आले ते मुंबईत नाही, तर सिंधमध्ये.

तेव्हा कराची ते कोटरी अशी रेल्वे होती. कोटरी म्हणजे सिंधूच्या काठी, हैदराबादच्या समोरचं गाव. तिथून वर पंजाबात जायला रूळ नव्हते, त्यामुळे माणसं आणि माल सिंधू नदीतून आगबोटींनी न्यावा लागायचा. या आगबोटींचा ताफा म्हणजे इंडस फ्लोटिला. तिचे मुख्य इंजिनिअर म्हणून अर्देशीर कोटरीला आले. पंचविसाव्या वर्षी ज्या नदीचं नाव आपल्या पहिल्या बोटीला दिलं, त्याच नदीवर वयाच्या पन्नाशीनंतर काम करायची वेळ आली. सिंधू ही बोटीला सोपी नदी नाही. गाळ वाहून आणते, पात्र बदलते, काल जिथे पाणी होतं तिथे आज वाळूचा पट्टा असतो. १८६३ मध्ये त्यांनी हे काम सोडलं आणि ते रिचमंडला परतले.

पुढे ८४ वर्षांनी फाळणी झाली आणि कोटरी, हैदराबाद, कराचीकडची सिंधी कुटुंबं घरदार सोडून निघाली. त्यातली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये आली. त्या कल्याण कॅम्पचं ८ ऑगस्ट १९४९ ला उल्हासनगर झालं. सिंधूकाठची माणसं उल्हासकाठी आली आणि त्यांनीही बराकीतच कारखाने टाकले. कॅम्प नंबर अमुकमधल्या घरात पुढे झोपायची खोली आणि मागे मशीन, ही रचना इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. उल्हासनगरच्या मालाची बाकीचे कितीही चेष्टा करोत, परदेशी वस्तू उघडून बघायची आणि तशीच आपल्या हाताने करून दाखवायची, हे काम अर्देशीर यांनी माझगावात शंभर वर्षं आधी केलं होतं.

१६ नोव्हेंबर १८७७ ला अर्देशीर वाडिया रिचमंडमध्ये वारले. तोपर्यंत सुएझचा कालवा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती, समुद्रावर लोखंडी आगबोटींचं राज्य आलं होतं आणि मुंबईच्या गोदीत सागवानाची मोठी जहाजं बांधण्याचे दिवस सरले होते. २७ मे १९६९ ला, रॉयल सोसायटीच्या निवडीच्या तारखेला, भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर २० पैशांचं तिकीट काढलं. त्यांच्या माझगावात आज माझगाव डॉक उभी आहे. स्कॉर्पिन वर्गातली आयएनएस कलवरी ही पाणबुडी तिथेच बांधली गेली आणि २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली.